चार लेनचा चार्ट: नोट कुठे बसवायची आणि दुसऱ्याची कशी तपासायची

रिदम गेममध्ये गाण्याच्या कुठल्या आवाजावर कुठली की दाबायची, याची मांडणी म्हणजे चार्ट, आणि दाबायची प्रत्येक खूण म्हणजे नोट. एखादा चार्ट चांगला की वाईट हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे. नोट सुटली तर चूक कोणाची, हे खेळणाऱ्याला त्याच क्षणी कळलं पाहिजे. आवाज कानावर आला होता आणि बोट पोचलं नाही, तर चूक त्याची. तो मुकाट्याने रीट्राय दाबतो. आवाजच नव्हता आणि नोट टपकली, किंवा ठोका पडून गेल्यावर नोट रेषेवर आली, तर चूक चार्ट करणाऱ्याची, आणि खेळणारा वैतागून दुसरं गाणं लावतो. अवघड चार्ट आणि चुकीचा चार्ट यांतला फरक एवढाच. पुढच्या सगळ्या खटाटोपाचं कारणही तेच.

हे सगळं ओसूच्या मेनिया प्रकारातल्या चार लेनच्या, म्हणजे ४के चार्टबद्दल आहे. ओसू हा डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रामरने २००७ मध्ये आणलेला फुकट गेम. एडिटर त्यातच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मेनियाचा बाज मात्र जपानी आर्केडमधला आहे: कोनामीचा बीटमेनिया १९९७ चा, डान्स डान्स रिव्होल्यूशन १९९८ चा. वरून नोटा उतरतात, खालच्या रेषेवर आल्या की डी, एफ, जे, के यांपैकी ती ती की दाबायची. डावीकडून लेनना १, २, ३, ४ म्हणू. १ आणि २ डाव्या हाताच्या, ३ आणि ४ उजव्या. स्टेपमेनिया या तशाच दुसऱ्या गेमवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

गाणं

पहिल्या चार्टसाठी दीड-दोन मिनिटांचं, कॉम्प्युटरवर वाजवलेले ड्रम असलेलं गाणं घ्या. त्यात टेम्पो हलत नाही, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. फार छोटा तुकडाही नको. रँक्ड व्हायचं, म्हणजे ओसूची अधिकृत मान्यता मिळवायची असेल तर प्रत्यक्ष खेळायचा भाग किमान ३० सेकंदांचा लागतो. गाणं वापरायची परवानगी आहे का हे आधीच बघा. ओसूच्या साइटवर ‘फीचर्ड आर्टिस्ट’ची यादी आहे, त्यांची ठरावीक गाणी बिनघोर वापरता येतात. आणि फाइल चांगल्या प्रतीची घ्या. व्हिडिओतून ओरबाडलेल्या आवाजात हायहॅट (ड्रमसेटमधली छोटी झांज) नुसती फसफसते, आणि ज्या आवाजावर नोट बसवायची तोच धूसर असेल तर पुढे सगळं अंदाजपंचे.

टायमिंग: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

नव्या लोकांचे चार्ट बहुतेक इथेच मार खातात. टायमिंग म्हणजे दोन आकडे: बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, आणि ऑफसेट, म्हणजे फाइल सुरू झाल्यापासून पहिली सम कितव्या मिलिसेकंदाला येते. एडिटरमध्ये हे दोन्ही लाल रेघेत भरतात.

गाणं वाजवत ठोक्यावर की दाबत राहिलात की एडिटर अंदाजे बीपीएम सांगतो. समजा १४९.६ आलं. ते तसंच ठेवू नका. कॉम्प्युटरवर केलेलं गाणं बहुधा पूर्ण आकड्यात असतं, म्हणून १५० करून पाहा. आता गाणं २५ टक्के वेगावर लावा, मेट्रोनोम चालू करा आणि किक ड्रमच्या ‘धप्प’ची सुरुवात मेट्रोनोमच्या टिकेवर येते का ऐका. आधी टिक आणि मग धप्प ऐकू आलं तर ऑफसेट वाढवायचा, उलट असेल तर कमी करायचा. पाच-पाच मिलिसेकंदांनी सरकवा, जवळ आलात की एक-एक करून. डोळ्यांनी वेव्हफॉर्म बघून जागा सापडते, पण शेवटचा शब्द कानाचा.

मग न चुकता गाण्याच्या शेवटी जा आणि तीच परीक्षा परत घ्या. बीपीएममध्ये ०.१ चा फरक किरकोळ वाटतो ना? हिशेब करा. १५० च्या जागी १५०.१ भरलं, तर तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी नोटा ठोक्याच्या तब्बल १२० मिलिसेकंद आधी येत असतात. ओडी म्हणजे वेळ किती काटेकोर पाळायची याचं चार्टमधलं सेटिंग. ओडी ८ वर ‘३००’ हा गुण मिळायची मुभा ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे ४० मिलिसेकंद असते (मेनियात ६४ उणे ओडीची तिप्पट, असं गणित आहे). म्हणजे बिचारा अचूक ठोक्यावर दाबत असला तरी गेम त्याला बेताला ठरवतो. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी सरकलेलं, तर बीपीएम चुकलंय. सगळीकडे सारखंच सरकलेलं, तर ऑफसेट.

दोन सूचना अनुभवाच्या. ब्लूटूथ इयरफोन लावून टायमिंग करू नका. आवाजच उशिरा पोचतो, मग तुम्ही इयरफोनचा उशीर ऑफसेटमध्ये भरून ठेवता. वायरचा हेडफोन घ्या, शंभर-दोनशेवालाही चालेल. दुसरं, ऑफसेट लावल्यावर एमपी३ फाइल परत कन्व्हर्ट करू नका. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि सगळा ऑफसेट हलतो. कापाकापी करायची ती आधी उरका.

ढोलकी, ताशा किंवा तबला असलेलं गाणं घ्यायची हौस असेल (आणि ती असावीच, आपल्याकडच्या तालवाद्यांवर चार्ट जवळपास दिसतच नाहीत) तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवा. माणसांनी क्लिक (कानात मेट्रोनोम) न लावता वाजवलेल्या रेकॉर्डिंगला एकच बीपीएम नसतं. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते. तिथे दर आवर्तनाच्या समेवर नवी लाल रेघ टाकत जावं लागतं. काम कंटाळवाणं, पण दुसरा रस्ता नाही. दादरा असेल तर लाल रेघेत मीटर ३ किंवा ६ ठेवा, ४ वर सोडलं तर एडिटर सम भलतीकडेच दाखवत राहतो. आणि झुलता ठेका असेल तर मधला ठोका १/२ वर, म्हणजे अर्ध्या ठोक्यावर, बसत नाही, १/३ च्या दुसऱ्या खुणेकडे सरकतो. तो ओढूनताणून १/२ वर बसवला की ठेक्याचा जीवच जातो.

स्नॅप आणि रंग

नोट ठोक्याच्या कितव्या भागावर बसते, तो तिचा स्नॅप. एडिटरमध्ये ठोका पांढऱ्या रेघेवर, अर्धा लाल (टायमिंगची लाल रेघ वेगळी), पाव निळ्या, आणि १/३ जांभळ्या. स्टेपमेनियात लाल म्हणजे पूर्ण ठोका आणि निळा म्हणजे अर्धा, त्यामुळे तिकडून आलेल्यांची पहिले काही दिवस गंमत होते. १५० बीपीएमला ठोका ४०० मिलिसेकंदांचा, १/२ म्हणजे २००, १/४ म्हणजे १००. हे आकडे डोक्यात असू द्या, पुढे लागतील.

नोट कुठल्या रेघेवर बसते याची शंका आली तर वेग २५ टक्के करा आणि आधी १/४, मग १/३, मग १/६ वर ऐकून बघा. १/८ आणि १/१६ ला हात लावण्याआधी स्वतःला विचारा, खरंच तसं वाजतंय का, की तुमचं टायमिंग तिथे घसरलंय? दहापैकी आठ वेळा टायमिंग घसरलेलं असतं.

कोणत्या आवाजाला किती नोटा

एकही नोट टाकायच्या आधी गाणं डोळे मिटून ऐका आणि कागदावर लिहा: या भागात मी कशाच्या मागे जाणार? ड्रमच्या, सिंथच्या की गायकाच्या? सगळ्यांच्या मागे एकदम गेलात तर गर्दी होते आणि काहीच ऐकू येत नाही. कडव्यात गायकाच्या मागे आणि धृपदात ड्रमच्या मागे, असं बदललं तरी हरकत नाही. फक्त एका ओळीच्या मध्यात घोडा बदलू नका.

मग वजन ठरवा. माझी सुरुवातीची वाटणी अशी असते: नुसती हायहॅट आणि किक यांना एक नोट, स्नेअरला (कडक ‘टाप’ वाजणारा ड्रम) दोन (म्हणजे जंप), क्रॅश (मोठी झांज) पडला की तीन (हॅण्ड). चारही लेन एकदम, म्हणजे क्वाड, अख्ख्या गाण्यात मोजक्याच जागी, जिथे ऐकणाराही दचकतो. एकदा ठरवलं की त्या भागात पाळायचं. पहिल्या स्नेअरला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला तीन असं केलं तर खेळणाऱ्याच्या हाताला काही शिकताच येत नाही.

आता प्रत्यक्ष करून पाहू. १५० बीपीएम, चार ठोक्यांचं एक आवर्तन: किक, स्नेअर, किक, स्नेअर, आणि प्रत्येकाच्या मध्ये १/२ वर हायहॅट. एकूण आठ जागा. लेनचे आकडे असे टाका:

१ – ३ – २४ – १ – ३ – २ – १४ – ३

‘२४’ म्हणजे दोन आणि चार एकत्र. लागोपाठच्या दोन जागांवर एकही लेन परत येत नाही, म्हणून कुठलंच बोट अडकत नाही. दहा नोटांपैकी पाच डाव्या हाताला, पाच उजव्या. पुढचं आवर्तन क्रॅशने सुरू होत असेल तर १२४ टाका, कारण ३ नुकतीच वाजली आहे. हेच आवर्तन नवशिक्या असं करतो:

१ – २ – १२ – १ – २ – १ – १२ – २

आवाज तेच, वजनही तेच, कागदावर काहीच चुकलेलं नाही. पण उजवा हात मांडीवर आणि डावा घामाघूम. शिवाय जंपच्या आगेमागे तीच लेन परत येते. स्टार रेटिंगचा, म्हणजे गेमने काढलेल्या अवघडपणाचा, आकडा बघून हे कळत नाही. दोन्ही एकदा खेळा, मनगट सांगेल.

जॅक, ट्रिल आणि बोटाची मर्यादा

एकाच लेनवर लागोपाठ नोटा म्हणजे जॅक. १५० बीपीएमला १/२ चा जॅक म्हणजे सेकंदाला पाच वेळा तेच बोट, जमतं. १/४ चा जॅक म्हणजे सेकंदाला दहा. दोन नोटांचा मिनीजॅक निघून जातो, पण सात-आठ नोटांचा टाकलात तर चांगल्या खेळाडूंचंही बोट आखडतं. म्हणून जॅक संगीताने मागितला तरच द्यायचा. सिंथ एकच सूर चार वेळा ठोकत असेल तर तीच लेन चार वेळा देणं अगदी रास्त, उलट तिथे लेन बदलली तर कानाला खटकतं. सूर चढत असेल तर नोटा डावीकडून उजवीकडे न्या, उतरत असेल तर उलट. लेन चारच असल्यामुळे प्रत्येक सुराला जागा मिळणार नाही. चढण कळली तरी पुष्कळ.

सगळ्यात फसवा प्रकार एका हाताच्या ट्रिलचा: १–२–१–२. दिसायला निरुपद्रवी, वेगात मात्र हात दगड होतो. हीच गोष्ट १–३–२–४ अशी वाटून दिली तर दुप्पट वेळ चालते. अवघड करायचंय म्हणून एका हातावर भार टाकायचा असेल तर जरूर टाका, पण मग पुढच्या आवर्तनात आरसा धरून तोच भार दुसऱ्या हाताला द्या.

तिहाईचं उदाहरण

पांढऱ्या रेघांवर डोळे झाकून विसंबू नये हे तिहाईत चांगलं दिसतं. पाच बोलांचा तुकडा, मग एक पाव ठोका रिकामा, असं तीनदा, आणि शेवटचा ‘धा’ समेवर. १/४ च्या घरांत मोजा: पाच अधिक एक, पाच अधिक एक, आणि पाच, झाली सतरा. सतरावं घर म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. तुकडे सुरू होतात पहिल्या, सातव्या आणि तेराव्या घरावर. पहिलं आणि तेरावं पांढऱ्या रेघेवर, पण सातवं लाल रेघेवर. जो ‘पांढरी आली की जंप’ या हिशेबाने चालतो त्याच्या जंपा दुसऱ्या तुकड्यात भलत्याच बोलावर पडतात आणि तिहाई मोडते. त्याऐवजी तुकडा ओळखा आणि तिन्ही वेळा तसाच ठेवा:

१ – ३ – २ – ४ – १३ – (रिकामं)

तिसऱ्या वेळी १३ च्या जागी १२३ द्या. ज्याने उभ्या जन्मात तिहाई ऐकली नाही असा ब्राझीलचा खेळाडूही दुसऱ्या तुकड्यात समजून चुकतो की तिसरा येणार आहे, आणि समेवर तीन बोटं बरोबर पडतात. अशी जागा साधली की चार्ट केल्यासारखं वाटतं.

लांब नोटा आणि वेगाचे खेळ

लांब नोट (एलएन) टिकणाऱ्या आवाजालाच द्या: ताणलेला सूर, स्ट्रिंग्ज, हार्मोनियम. दाबण्याप्रमाणे सोडण्याचाही हिशेब होतो, म्हणून तिचं शेपूटही रेघेवरच संपलं पाहिजे, आवाज विरतो तिथे. शेपूट आणि त्याच लेनमधली पुढची नोट यांच्यात सोप्या डिफिकल्टीत निदान अर्धा ठोका मोकळा सोडा.

हिरव्या रेघांनी नोटा पडायचा वेग बदलता येतो. पहिल्या चार्टमध्ये करू नका. ज्यांना येतं ते सुंदर करतात, बाकीच्यांच्या चार्टमध्ये नुसती उलटी व्हायची बाकी असते.

सोप्या डिफिकल्टी

एकाच गाण्याचे इझी, नॉर्मल, हार्ड, इन्सेन असे चढत्या पायरीचे चार्ट करतात, त्या डिफिकल्टी. अवघड चार्टमधल्या नोटा खोडून सोपा चार्ट होत नाही, नुसता भोकं पडलेला अवघड चार्ट होतो. सोप्यात वेगळं ऐकावं लागतं. इझीत ठोक्यावर फक्त किक-स्नेअर किंवा गायकाच्या ठळक मात्रा, नॉर्मलमध्ये १/२, हार्डपासून १/४ चे छोटे तुकडे. मधली पायरी गाळू नका. नॉर्मल खेळणारा थेट इन्सेनवर आपटला तर गाणं कितीही आवडो, तो परत येत नाही.

स्वतःचा चार्ट तपासताना

चार-पाच दिवस तो उघडू नका. मग आधी ऑटोप्ले (गेम स्वतःच खेळतो) लावून हिटसाउंडचा, म्हणजे नोट दाबल्यावर वाजणारा, आवाज वाढवा आणि नुसतं ऐका. नोटांचा आवाज गाण्यात मिसळून गेला तर ठीक, वेगळी टकटक ऐकू आली तर ती जागा लिहून ठेवा.

त्यानंतर खेळा, आणि रिझल्टमधला सरासरी एरर बघा. सगळ्याच गाण्यांत तुमचा एरर उणे बारा (म्हणजे बारा मिलिसेकंद आधी) येत असेल तर ती तुमच्या सेटअपची सवय, ती गेमच्या ऑफसेट सेटिंगमध्ये दुरुस्त करा. फक्त याच चार्टवर येत असेल तर चार्टचा ऑफसेट तपासा. अनस्टेबल रेट म्हणजे तुमच्या चुकांच्या प्रमाण विचलनाची दहापट. तो एकाच भागात उसळी मारत असेल तर तिथे टायमिंग किंवा पॅटर्न यापैकी काहीतरी बिघडलंय.

मग दोघांना खेळायला द्या, एक तुमच्यापेक्षा कच्चा, एक पक्का. ‘कसा वाटला’ विचारू नका. मित्र ‘भारी’ म्हणून मोकळे होतात. ‘कुठे सुटला आणि का’ एवढंच विचारा. कच्चा ‘हात पोचला नाही’ म्हणाला तर सोडून द्या. पक्का ‘काय वाजलं तेच कळलं नाही’ म्हणाला तर त्या जागी बसा.

दुसऱ्याचा चार्ट तपासताना

याला मॉडिंग म्हणतात, आणि चार्ट करायला शिकायचा यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. क्रम चुकवू नका: टायमिंग, मग स्नॅप, मग नोटा आणि आवाज यांचं नातं, मग पॅटर्न. टायमिंग चुकलेल्या चार्टच्या पॅटर्नवर पानभर लिहिणं म्हणजे वेळेचा अपव्यय, कारण सगळं परत हलणार आहे.

पॅटर्नकडे आलात की कुठल्याही दहा जागा उचला आणि प्रत्येक नोटेला विचारा: तू कुठल्या आवाजाची? उत्तर नसलेल्या नोटेला घोस्ट नोट म्हणतात. एक-दोन चालतात, कधीकधी ओघ राखायला मुद्दाम टाकलेल्या असतात. दहापैकी चार जागी सापडल्या तर करणाऱ्याने गाणं ऐकलेलंच नाही, नुसता स्टार रेटिंगचा आकडा फुगवलाय. तो आकडा नोटांची दाटी आणि बोटांवरचा ताण मोजतो; गाणं त्याला ऐकू येत नाही. उलट बाजूही बघा: ठळक आवाज आहे आणि नोटच नाही, असं कुठे झालंय का? गाण्याचा सगळ्यात जोराचा भाग आणि चार्टचा सगळ्यात दाट भाग एकाच जागी येतात का?

लिहिताना चूक आणि आवड वेगळी ठेवा. ‘स्नॅप १/४ हवा, १/६ वर बसलाय’ ही चूक. ‘मी इथे जंप दिला असता’ ही आवड, आणि ती आवड म्हणूनच लिहावी. प्रत्येक मुद्द्याला टाइमस्टॅम्प द्या. एडिटरमध्ये नोट निवडून कॉपी केली की ००:४१:२०० (४१२००|२) असं काहीतरी मिळतं. त्यातला लेनचा आकडा शून्यापासून मोजतात, म्हणजे हा २ आपल्या हिशेबाने तिसरी लेन. ‘मधला भाग जरा विचित्र वाटतो’ अशा शेऱ्याचं कोणी लोणचं घालत नाही. ‘इथे स्नेअर आहे, आधीच्या चारही स्नेअरना जंप दिलाय, इथे एकच नोट का?’ असं विचारलं की समोरच्याला एकतर दुरुस्ती करावी लागते किंवा कारण द्यावं लागतं. कारण पटलं तर मुद्दा सोडा. आपला शब्द खरा करण्यासाठी पंधरा उत्तरं लिहिणारे मॉडर पाहिलेत, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही.

तुमच्या चार्टवर कोणी असं लिहिलं, तर प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या, नाकारायचा असेल तरी एका ओळीत कारण लिहा. रँक्ड व्हायला दोन नॉमिनेटर, म्हणजे चार्ट मंजूर करणारे अधिकृत परीक्षक, लागतात, आणि ते आधी या चर्चाच वाचतात. दोघांनी होकार दिला की चार्ट क्वालिफाइड, म्हणजे रँक्डच्या आधीच्या पायरीवर, होतो आणि निदान आठवडाभर तिथे थांबतो. कोणाला मोठी चूक सापडली तर परत खाली येतो. तोवर फाइलला हात लावता येत नाही, म्हणून टॅग, गाण्याचं आणि कलाकाराचं नाव, बॅकग्राउंड हे सगळं आधीच तपासून घ्या. आणि पेंडिंगमध्ये (मंजुरीच्या प्रतीक्षेत) पडलेल्या चार्टवर २८ दिवस काहीच हालचाल झाली नाही तर तो ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे सोडून दिलेल्या चार्टच्या यादीत, जातो. घाबरायचं कारण नाही, एक अपडेट टाकला की परत बाहेर येतो.